गोरोबाचं पडणं

पडद्यावरची घोडी वळली आणि महालिंगप्पाच्या उजव्या गुडघ्यात कळ उठली. आधी कळ उठली, मग डोळ्यांनी ओळखलं. जिनिंगच्या गोदामात, सरकीच्या वासात, पोत्यांवर दाटीवाटीनं बसलेल्या धाराशिवच्या माणसांमध्ये तो पाय लांब करून बसला होता. शेजारचा कुणीतरी शेंगा फोडत होता, मागं इंजिन फटफटत होतं, आणि समोरच्या चादरीवर एक काळी घोडी नदीच्या कडेनं धुरळा उडवत येत होती. तिच्यावरच्या स्वाराचं तोंड रुंद टोपीखाली झाकलेलं. पण त्याचं डावं कोपर अंगापासून सुटलेलं होतं, काखेत कडब्याची पेंढी धरल्यासारखं. तसा घोड्यावर बसणारा माणूस महालिंगप्पानं सगळ्या आयुष्यात एकच पाहिला होता. मागून आणखी काही स्वार येत होते, आणि त्यांतला अगदी मागचा, पांढऱ्या पायाच्या घोड्यावरचा, आपण स्वतः आहोत हे त्याच्या ध्यानात येतंय न येतंय तोच घोडीचे पुढचे पाय कुणी खालून ओढून घ्यावेत तसे दुमडले. स्वार तिच्या मानेवरून पुढं उडाला, घोडी त्याच्या अंगावरून पालथी गेली, धुरळ्याचा लोट उठला. मागच्या स्वारानं लगाम खेचला. त्याचा घोडा मागच्या पायांवर बसायला लागला, आणि तेवढ्यात चित्र तुटलं. पुढच्या चित्रात धुरळ्यातून एक देखणा साहेब उठला. त्यानं टोपी शोधली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि तो हसला. गोदाम शिट्ट्यांनी दणाणलं. कुणीतरी मुंडासं वर उडवलं. पडद्याशेजारी उभा राहून खेळाची गोष्ट सांगणारा चाँदसाहेब ओरडला, "गिर्‍या तो गिर्‍या, उठ्या बी शेर के माफिक!"

महालिंगप्पा माणसांच्या मांड्या तुडवत बाहेर आला. "ओ तांगेवाले, डोळे फुटले का?" असं मागून कुणी म्हणालं. बाहेर अजून थोडा उजेड होता. दर्ग्याच्या बाजूनं शेळ्या परतत होत्या. त्याचा तांगा लिंबाखाली उभा होता आणि घोडा तोबऱ्यात तोंड घालून हरभरे चावत होता. सकाळी येडशी स्टेशनावरून खेळाचे पत्र्याचे डबे महालिंगप्पानंच याच तांग्यातून आणले होते. बोलपटाचं यंत्र बार्शीला बिघडलं, म्हणून चाँदसाहेबानं कुठल्याशा भंगारातून जुनी मुकी चित्रं उचलली होती. "पुरानी हैं, पन मारामारी भरपूर," तो वाटेत म्हणाला होता. सबंध वाट ते डबे महालिंगप्पाच्या पाठीमागं खडखडत होते आणि तो बैलगाड्यांना बाजू देत, उन्हाला शिव्या घालत तांगा हाकत होता. पाठीमागं कोण आहे ते त्याला कळलं नव्हतं. त्यानं घोड्याच्या मानेवर हात ठेवला. मान गरम होती, नाडी उडत होती. कुठलीही मेलेली गोष्ट इतकी हालत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं, आणि पडद्यावरचं ते कोपर पुन्हा डोळ्यांपुढं हाललं.

अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे बघून बघून त्याला घोड्याचं वेड लागलं होतं. बापाचं धान्याचं दुकान होतं, गादीवर बसण्यात त्याचा जीव नव्हता. तो पळून सोलापूरला आला आणि सर्कशीत तबेला झाडायला लागला. तिथंच येडशीचा गोरोबा होता. पाटलाचे घोडे राखून राखून स्वार झालेला, बोलायला मोकळा, हसला की दोन्ही खांदे हलवणारा. महालिंगप्पा घोड्याशी कानडीत बोलायचा आणि गोरोबाशी मराठीत, आणि गोरोबा दोघांना हसायचा. पुढं सर्कस बोटीत चढली. बोट बंदरामागून बंदरं घेत गेली, आणि शेवटी पृथ्वीच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर मालकाचं दिवाळं वाजलं. हत्ती विकले, तंबू विकला, माणसं कुणीच विकत घेईना. हे दोघे संत्र्यांच्या बागांत फळं तोडत राहिले. तिथून जवळच डोंगराच्या पायथ्याला सिनेमाचं गाव वसत होतं आणि त्या गावाला घोड्यावरून पडणारी माणसं हवी होती.

पडायचीच नोकरी. हे त्यानं परत आल्यावर अणदूरला धाकट्या भावाला, बंडप्पाला, सांगितलं, तेव्हा बंडप्पा तराजू हातात धरून खदाखदा हसला होता. "साकु, अण्णा, पुरे! पडायला कोन पगार देतंय? आमी रोज फुकट पडतो." पण खरोखर तीच नोकरी होती. सकाळी तो दरोडेखोर असायचा, दुपारी त्याच दरोडेखोराच्या मागं लागणारा शिपाई. कधी डोक्याला पिसं बांधून तो तिथला रानातला माणूस व्हायचा, कधी अरब. एकदा त्याला झगा आणि पिवळ्या केसांचा टोप घालून नायिकेच्या जागी धावत्या बग्गीतून फेकलं होतं, आणि गोरोबा त्या दिवशी पोट धरधरून हसला होता, "महालिंगी, पदर सावर!" म्हणून. पडण्याची एक कला होती. पडायच्या आधी श्वास सोडून द्यायचा, मान सैल टाकायची आणि जमिनीकडं बघायचं नाही. जमिनीकडं बघितलं की अंग ताठतं आणि ताठलेलं अंग मोडतं. गुडघा त्याचा असाच मोडला होता, एका क्षणापुरतं त्यानं खाली बघितलं म्हणून. तोंड मात्र कधीच दिसायचं नाही. पडायचं यानं, आणि उठायला साहेब यायचा. अंगाला जराशी धूळ लावून, गालावर लाल रंगाची रेघ ओढून तो ह्यांच्या जागेवर येऊन आडवा व्हायचा आणि मग उठायचा. त्याचं दोघांना काही वाटत नसे. संध्याकाळी डोंगरावर बसून ते दोघे भाकरीची आठवण काढायचे. उन्हाळ्यात तो डोंगर वाळून पिवळा व्हायचा आणि गोरोबा म्हणायचा, "ह्यो बालाघाटच हाय बग. कुनीतरी उचलून हितं आनून ठिवलाय."

घोड्यांच्या पायाला तार बांधायची तऱ्हा नंतर निघाली. पुढच्या पायांना पट्टे, पट्ट्यांना बारीक पोलादी तार, तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या खुंटाला. घोडा भरधाव सुटायचा आणि तार संपली की उलथायचा. गोरोबाला ते बघवत नसे. "आपल्याला म्हाईत असतंय रे, कवा पडायचं. जनावराला म्हाईत नसतंय," असं तो एकदा म्हणाला होता आणि त्या दिवशी जेवला नव्हता. तरी काम होतं, तो करत होता. त्या नदीच्या काठी, त्या काळ्या घोडीवर, त्यानं तेच केलं. महालिंगप्पानं मागून लगाम खेचला, उडी टाकली, मोडक्या गुडघ्यानिशी तो धावला. कुणीतरी कर्ण्यातून ओरडत होतं. ते ओरडणं इंग्रजीत होतं आणि त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी डोंगरावर तो एकटा गेला आणि मोठ्यानं काहीतरी बोलला. काय ते त्याला आठवत नाही. आपलाच आवाज ऐकून त्याला एकदम थंडी वाजली एवढं आठवतं. त्या सगळ्या मुलखात आता मराठी समजणारं दुसरं कुणी नव्हतं.

परत आल्यावर त्यानं सगळ्यांत आधी येडशी गाठली होती. गोरोबाची बायको सत्यभामा अंगणात ज्वारी पाखडत होती. त्यानं सांगितलं ते तिनं सूप न थांबवता ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आमचा मानूस घोड्यावरनं पडून मेला म्हनताव?" आणि ती हसली. ते हसू त्याच्या अंगावर अजून काटा आणतं. "तिकडं गोरी केली असंल त्यानं, तर तसं सांगा. मला सोसंल. पन असलं अभद्र खोटं बोलू नगा." तिनं कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. पुढं सासू वारल्यावर ती धाराशिवला आली आणि बाजाराच्या तोंडाशी तिनं फुटाण्याची भट्टी घातली. लोक तिला नवऱ्यानं टाकलेली म्हणायचे, आणि ते ती मान ताठ ठेवून ऐकायची. महालिंगप्पाही धाराशिवलाच राहिला. का राहिला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. येडशी स्टेशन ते धाराशिव तांगा हाकायचा, हरभऱ्याची पोती तिच्यासाठी आली की दारात उतरवून द्यायची. पहिली काही वर्षं तो पोतं उतरवून म्हणायचा, "वैनी, म्या खोटं बोललो न्हाय." ती आत निघून जायची. मग त्यानं ते म्हणणं सोडलं. हळूहळू अमेरिकेचं नाव काढणंही सोडलं. तांगेवाल्यांच्या अड्ड्यावर पोरंटोरं चेष्टा करायची, "काका, तिकडं पडायचा पगार देत्यात म्हनं." जे घडलं ते ठाऊक असलेला एकच माणूस उरला की ते घडलं होतं की नाही याचाच संशय यायला लागतो. अलीकडं कधी कधी त्यालाही वाटायचं, आपण सोलापूरच्या पुढं गेलोच नसू.

आणि आज ते गोदामात होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भट्टीवर गेला तेव्हा ती तापलेल्या वाळूत झारा फिरवत होती. हरभरे तडतडत होते. केस पांढरे झाले होते, पण कपाळावरचं कुंकू चांगलं रुपयाएवढं होतं.

"वैनी."

तिनं वर पाहिलं नाही.

"गोदामात खेळ आलाय. मुक्या चित्रांचा."

"मग म्या काय करू?"

"त्यात गोरोबा हाय."

झारा थांबला. वाळूतून धूर यायला लागला, करपल्याचा वास सुटला, तरी तिचा हात हलला नाही. मग तिनं अगदी हळू विचारलं, "जित्ता?"

या प्रश्नाची त्यानं तयारी केली नव्हती. "घोड्यावर हाय," तो म्हणाला.

"मंजी जित्ता."

"दुपारी बायकांचा येगळा खेळ हाय. जनाना. तुमी बगून या. मंग मला काय म्हनायचं ते म्हना."

तिनं करपलेले हरभरे बाजूला काढले आणि भट्टीतलं जळण मागं ओढलं. तो तांग्याकडं वळला तेव्हा त्याला एकदम हलकं वाटलं. कुणीतरी आपल्याला खरं म्हणणार होतं. हे हलकेपण बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत टिकलं. तिथं कासाराच्या दुकानापाशी बांगड्यांची माळ उन्हात चमकत होती, आणि ती बघता बघता आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. आपण खरे ठरावं म्हणून आपण त्या बाईचं कपाळ मागत होतो. इतकी वर्षं ती एका टिळ्याच्या आधारानं ताठ उभी राहिली, आणि आज तो टिळा पुसायला आपण तिला बोलावून आणतोय. त्यानं तांगा वळवला. पुन्हा थांबवला. आणि मग त्याला दुसरंच आठवलं. तो साहेब उठतो. धुरळ्यातून उठतो, हसतो. ती ते बघणार. माझा माणूस पडला आणि उठला, असं ती सगळ्या बाजाराला सांगणार, आणि आपण जन्माचे लबाड ठरणार. यातलं कोणतं बरं आणि कोणतं वाईट, ते त्याला ठरवता येईना. घोडा उभ्या उभ्या एका खुरानं माती उकरत होता. "निल्लु, निल्लु," थांब म्हणून तो घोड्याला कानडीत म्हणाला.

दुपारी गोदामाच्या खिडक्यांना गोणपाट ठोकून आत अंधार केला होता. बुरख्यातल्या बायका आल्या, नऊवारी लुगड्यातल्या आल्या, कडेवर लेकरं घेऊन आल्या. सत्यभामा सगळ्यांच्या मागून आली. तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं आणि केसांना तेल लावलं होतं. माहेरी नवरा न्यायला यावा तशी ती दिसत होती. महालिंगप्पानं मान खाली घातली. दार बंद झालं. गड्यांना आत जायची बंदी होती, म्हणून तो लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला. आतून चाँदसाहेबाच्या बायकोचा आवाज येत होता. बायकांच्या खेळाला गोष्ट सांगायचं काम तिच्याकडं होतं. बायका हसत होत्या, मधूनच एखादं लेकरू रडत होतं. आत काय चाललंय ते त्याला भिंतीतून दिसत होतं. आता साहेब नायिकेच्या खिडकीखाली गाणं म्हणत असेल. आता तिचा बाप बंदूक घेऊन आला असेल. आता घोडी. इंजिनाचा आवाज तोच होता, पण त्याला वाटलं की तो वाढला. उन्हात पानांच्या सावल्या त्याच्या हातावर हलत होत्या, आणि तो मान सैल टाकून, श्वास सोडून बसला होता, हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

"देखो, देखो, आया सवार!" आतून आवाज आला. "अगे मा, गिर्‍या!" बायकांचा एकदम 'आई गं' असा चीत्कार. मग थोडी शांतता. ती शांतता किती पसरली होती! तिच्यात तो नदीकाठ सबंध मावला, घोडीचं विव्हळणं मावलं, गवतातले किडे ओरडत होते तेही मावलं. "नक्को रोओ बाई, उठ्या देखो, उठ्या! हसतंय बी!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. बांगड्या किणकिणल्या.

खेळ सुटला. बायका बोलत बोलत पांगल्या. ती शेवटी बाहेर आली. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते. ती रस्त्याकडं न जाता सरळ तांग्याशी आली आणि मागच्या बाजूला चढून बसली. तो पुढं बसला. तांग्यात दोघांच्या पाठी एकमेकांकडं होत्या. त्याला घोड्याचे कान दिसत होते आणि तिला मागं पडणारा रस्ता. त्यानं घोडा भट्टीच्या वाटेला लावला.

"त्योच हुता," ती म्हणाली. "कोपरावरनं वळिखला."

त्याचं मन एकाएकी ठरलं. इतका वेळ ठरत नव्हतं, ते असं ठरलं की त्यालाही नवल वाटलं. तो म्हणाला, "व्हय. आन उठला बी, बगितलं न्हवं? माजीच चूक झाली असंल वैनी. लई धुरळा हुता. मला दिसलं न्हाय. असंल त्यो तिकडंच कुटंतरी."

"तांगा थांबवा."

त्यानं थांबवला.

"इतकी वर्सं माज्या दारात येऊन खरं बोललात," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता. "आज का खोटं बोलाय लागलाव?"

त्यानं चाबूक पायाशी ठेवून दिला.

"पडला त्यो माजा हुता. उठला त्यो दुसराच कुनीतरी. आमचा मानूस पडला की आधी घोडं बगायचा. एकडाव वड्यात पडला, कपाळ फुटलं हुतं, रगात डोळ्यात चाललं हुतं, तरी घोडीचं पाय चाचपत बसला. ह्या मेल्यानं टोपी हुडकली." ती थांबली. मागून एक गाडी आली, बाजूनं निघून गेली. मग तिनं विचारलं, "लई दुखलं का हो त्येला?"

हे त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं होतं, तिकडं खायला काय देतात, गोऱ्या बायका कशा असतात, घरं किती उंच असतात. तो घोड्याच्या कानांकडं बघत राहिला, आणि बघता बघता बोलायला लागला. आधी शब्द तुटत तुटत आले, मग आपोआप आले. जास्त वेळ दुखलं नाही म्हणाला. डोकं मांडीवर घेतलं होतं म्हणाला. नदीचं पाणी टोपीतून आणून पाजलं, ते ओठांवरून ओघळलं. डोळे उघडे होते. "आन एकच इचारलं त्यानं. घोडी उठली का म्हनला."

पाठीमागं तिचा श्वास अडखळला.

"उठली का मंग?"

"न्हाय. तिचा पाय मोडला हुता. तिला गोळी घातली. पन म्या त्याला सांगितलं, उठली म्हनून. मंग त्यानं डोळं मिटलं."

ती रडली की नाही ते त्याला दिसलं नाही. त्यानं वळून बघितलं नाही. तांग्याची मागची फळी मात्र हलत होती, बराच वेळ हलत होती. घोडा आपला आपण चालायला लागला आणि त्यानं त्याला अडवलं नाही.

"कुटं ठिवलंय त्येला?"

"डोंगरावर. तिकडं जाळाय देत न्हाईत, पुरला. उन्हाळ्यात पिवळा पडतो डोंगर, आपल्या येडशीवानीच. त्याला आवडायचा. निलगिरीची झाडं हायेत. म्या दगूड ठिवून आलो."

भट्टी आली. ती उतरली. आता तिच्याकडं बघावं लागणार म्हणून त्यानं लगाम उगीचच गुंडाळायला घेतला. ती चाकाला हात लावून उभी होती. हातात हिरव्या बांगड्या होत्या. उद्या असतील की नसतील, त्याला ठाऊक नव्हतं. ते ठरवणं आता तिचं होतं. बाजारातून कुणीतरी हाक मारली, "सत्यभामाबाई, आज भट्टी बंद का?"

"त्याचं कायबी केलं न्हाय म्या आजवर," ती म्हणाली. "दहावा न्हाय, तेरावा न्हाय. उंद्या सकाळच्याला येडशीच्या रामलिंगाला जायाचं. तांगा घिऊन या. तुमीबी थांबा तितं. तुमच्याबिगर त्येला वळखनारं हाय कोन?"

"येतो," तो म्हणाला.

ती दोन पायऱ्या चढली आणि दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली.

"आन भावजी, त्यो तिकडं काय खायाचा, कुटं निजायचा, कशाला हसायचा, समदं मला सांगा. आत्ता नगं. उंद्या वाटंनं सांगा. येडशी लांब हाय."